चित्र आधी साडूला

बबन, आता तुला 'तू' म्हणतो. राग मानू नकोस, आणि मानलास तरी आता काय करणार. वयानं तू माझ्यापेक्षा धाकटा. पण तुझी बायको, आमची आक्का, थोरली बहीण आणि माझी हौसा धाकटी, म्हणून तू थोरला साडू झालास, आणि माझ्या मिशा पांढऱ्या झाल्या तरी मी तुला 'पाव्हणं, तुमी' म्हणत राहिलो. सासरवाडीला पाय धुवायचा तांब्या आधी तुझ्यापुढं. धोंड्याच्या महिन्यातलं वाण आधी तुला. तुझा तेरावा झाला, पाव्हणे आपापल्या गावाला गेले. आता वयाप्रमाणं बोलू.

मला लिहायची सवय न्हाई. चौथी झाली न झाली तोवर शाळा सुटली, जोडाक्षर आलं की अजून हात थबकतो. पण दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर त्यात तू लई मोठा माणूस झाला असतास, आणि ते माझ्यानं वाचवलं नसतं. दशक्रियेलाच बघितलं की. एकेक जण उठून माईकवर बोलायला लागला. 'विंझरसारख्या गावात पिठाची गिरणी चालवणारा माणूस, पण चित्रांचा केवढा जाणकार!' जाणकार! तुझी शाळा माझ्यापेक्षा एक इयत्ता कमी. मी खाली बसून हौसाला म्हणालो, "ह्यांना सांग की कुणीतरी." ती म्हणाली, "गप बसा. मेल्या माणसाशी कसली बरोबरी?"

मेलेल्याशीच करायची राहिली आता. जित्याशी करून झाली.

सगळं सुरू झालं ते गोणपाटापासून. सुगत तवा कॉलेजात होता. भोरचा पोरगा, वडील एस.टी. डेपोत मेकॅनिक, आणि ह्याला पुण्याला चित्रकलेला घातलेलं. कापडाला पैसे पुरायचे न्हाईत म्हणून तो गावोगावच्या गिरण्यांत रिकामी पोती मागत फिरायचा. बाकीच्यांनी हाकलला. तू दिलीस. त्यात तुझं काय मोठेपण, तुझ्याकडं पोत्यांची रास होती. महिन्यानं तो परत आला आणि पोत्याचं काय केलं ते दाखवलं. गिरणीचा पट्टा, वर दोन चाकं आणि मधे नुसतं पीठ उडतंय. तू ते तिथंच गिरणीवर खिळा ठोकून लावलंस. येणारी बाई दळण ठेवता ठेवता म्हणायची, "अगं बया, हे तर हितलंच हाय!" आणि तू खुशीत हसायचास, जसं काय तूच काढलंय.

मी ते दिवाळीच्या पाडव्याला बघितलं. जळलो मी. तुझ्याकडं ट्रॅक्टर आला तवा जळलो न्हवतो, तुझा पोरगा नोकरीला लागला तवा बी न्हाई. मी तिथंच सुगतला म्हणालो, "आमच्या भोंगवलीला ये. म्हैस दाखवतो. तिचं काढ."

आला. गोठ्यात मांडी घालून बसला, म्हैस रवंथ करत होती आणि हा बघत होता. काय म्हैस काढली बबन त्यानं! नाकावरचा ओलावा दिसतो. कानाचा फाटका कोपरा दिसतो. मी भोरला जाऊन सोनेरी पट्टीची चौकट करून आणली, वर काच घातली, आणि सोप्यात दारासमोर लावली. तुला मुद्दाम जेवायला बोलावलं. तू चूळ भरून आलास, म्हशीसमोर उभा राहिलास आणि म्हणालास, "झ्याक हाय. पण तात्या, ही तुमी सांगून काढून घेतलीया."

"मग? न सांगता कोण काढतंय?"

"मी न्हाई सांगत. तो काढतो, मी घेतो."

हे तू जेवायच्या आधी बोललास. त्या दिवशीचं मटण मला गोड लागलं न्हाई.

पुढं तू दरसाल एक घेत गेलास. कसं घेतलंस, काय दिलंस, ते मी कधी विचारलं न्हाई आणि विचारणार बी न्हाई. पोत्यानंतर डोंगर आले. मग गुंजवणी नदीचं पाणी आलं, ते हिरवंगार, ज्यात खालचे गोटे दिसतात. ते चित्र मला हवं होतं. आता सांगतो. मी सुगतला गाठायच्या आधी तू घेऊन मोकळा झाला होतास. पाण्यानंतर झाडं आली, मग झाडांची पानं गेली, मग फांद्या गेल्या, आणि नुसत्या रेघा राहिल्या. मी म्हणालो, आता पोरगं थांबलं. तू रेघा घेतल्यास. मग रेघा बी गेल्या आणि काळं आलं. सबंध काळं. वरपासून खालपर्यंत तव्याचं बूड.

तू काळं घेतलंस तवा मी विंझरला खास एस.टी.नं आलो होतो, तुला शुद्धीवर आणायला. आठवतं का? तू गिरणीचा पट्टा काढून ठेवला होतास आणि उपड्या डब्यावर बसून त्या काळ्याकडं बघत होतास.

मी म्हणालो, "पाव्हणं, तुमाला आवडलंय का हे?"

"न्हाई."

"मग घेतलं कशाला?"

"म्हैस आटली म्हणून तुमी दावणीची सोडता व्हय?"

"म्हैस आटली तरी म्हैस दिसती तरी! हा रंग खातो आणि काळोख देतो."

"भाकड काळात बी वैरण घालावीच लागती तात्या. पुढचं वेत बघायचं न्हवं?"

"अवो पण हे गाभण हाय का न्हाई, हेच कुठं ठावं हाय?"

तुला हसू फुटलं आणि ठसका लागला, आक्का पाणी घेऊन धावत आली. हसून झालं तरी तू चित्रावरची नजर काढली न्हाईस. मी विचारलं, "काय दिसतंय ते तरी सांगा." तू म्हणालास, "बघा की." मी बघितलं. तव्याचं बूड. तुला काहीतरी दिसत होतं आणि तू ते सांगत न्हवतास. सोनं-नाणं लपवणारा माणूस परवडला.

हे भांडण आपलं मिटलं न्हाई. मी अजून म्हणतो, आवडेल तेच माणसानं घ्यावं. बाजारात आपण मुळा बी बघून घेतो. तुझं म्हणणं, एकदा माणूस धरला की तो नेईल तिकडं जायचं. तू हे असं बोलायचास आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, केवढा विचार! मला वाटायचं, हा हट्ट हाय. हट्ट मला चांगला ओळखता येतो.

खंडेनवमीचं तर कुणाला खरं बी वाटणार न्हाई. गिरणी धुवायची, पट्टा, नट पिळायचे पाने, वजनकाटा, सगळी हत्यारं मांडायची आणि आक्का एकेकाला हळद-कुंकू लावायची. पहिल्या वर्षी ते पोत्याचं चित्र गिरणीवरच होतं, तर तिनं त्याला बी एक बोट लावलं. पुढच्या वर्षी दोन चित्रं होती, दोघांना लावलं. एकाला लावायचं आणि दुसऱ्याला न्हाई, असं कसं करायचं, ती म्हणाली. मग दर वर्षी सगळ्यांना. जुन्या चित्रांच्या वरच्या कोपऱ्यात ठिपक्यांची रांगच झाली. सुगतनं बघितलं तवा मला वाटलं, आता हा चिडणार आणि तुझ्याकडं यायचं सोडणार. मी तर वाटच बघत होतो. तो हसला. म्हणाला, "काकी, आमच्या घरी बुद्धवंदना असते, पूजा न्हाई. पण पान्याला चालतं तर चित्राला बी चालू द्या." आक्का म्हणाली, "चालतंय तर. ते बी तुझं हत्यारच की."

माझ्या म्हशीवर काच होती. तिला कुणी बोट लावलं न्हाई.

मग मुंबईची माणसं आली. सुगतची पहिल्यापासूनची चित्रं एकत्र लावायची होती, मोठं प्रदर्शन होतं. मला हौसाच्या फोनवर आक्काकडून कळलं. मी म्हशीची काच कागदानं घासून ठेवली. दाराची तोरणं काढली, उजेड यावा म्हणून. गाडी विंझरला आली, तुझ्या गिरणीत थांबली आणि तिथनंच परत गेली. भोंगवलीकडं वळली बी न्हाई. पुढं तूच सांगितलंस काय झालं ते, आणि सांगताना तुझा आवाज नुसता लोणी. त्यांच्यातली बाई कुंकवाचे ठिपके बघून डोक्याला हात लावून म्हणाली, "हे कुणी केलं?" आक्का पदर सारखा करून म्हणाली, "म्या केलं. दर साल करते." बाई म्हणाली, काळजी करू नका, हे साफ करता येतं. आणि सुगत म्हणाला, "साफ करायचं न्हाई. तसंच न्यायचं. एवढी वर्षं हे चित्र कुठं होतं, ते त्यावर लिहिलंय."

तुमा दोघांना मुंबईला नेलं. तुला पुढं बसवलं, नाव घेतलं. मी आलो न्हाई. ऊसतोड चालू होती. खरंच चालू होती, हवं तर कुणालाही विचार.

पण हे सगळं मी गिळलं असतं. एक गोष्ट गिळली गेली न्हाई. विंझरच्या कडेला त्या बंद पडलेल्या पोल्ट्रीच्या शेडमधे सुगत काम करायला लागला तवापासून त्याची रीत अशी, की नवीन चित्र झालं की ते भिंतीकडं तोंड करून ठेवायचं. पहिल्यांदा तू बघायचंस. तू गिरणी बंद करून, हातपाय धुऊन जायचास, तो चित्र फिरवायचा, आणि तुझं बघून झालं की मग जगानं बघायचं. एकदा मी तुझ्या आधी पोचलो. उन्हातनं चालत आलो होतो. सुगतनं खुर्ची दिली, पाणी दिलं, चहा दिला, आणि मला बाहेर सावलीत बसवलं. "काका येऊ द्या तात्या, मग बघू." मी, थोरल्या वयाचा माणूस, कोंबड्यांच्या शेडबाहेर बशीतनं चहा फुंकत बसलो आणि तुझी वाट बघितली. तू आलास. पीठ लागलेल्या भुवया. मला बघून म्हणालास, "अरे वा, तात्या! लवकर?" आणि आत गेलास. दार लोटून घेतलंस.

त्या दारामागं काय होतं, ह्यानं मला जेवढं पोखरलं तेवढं कशानं न्हाई. चित्रासाठी न्हाई रे. चित्र तर मला थोड्या वेळानं दिसलंच. पण कुणीतरी आपल्या कामाला हात लावायच्या आधीपासून तुझ्या डोळ्यांची वाट बघतोय, हे एका माणसाच्या वाट्याला यावं आणि तो माणूस नेमका माझा साडू असावा!

एक तुला सांगायचं राहिलं. मुद्दाम ठेवलं होतं. चार-पाच वर्षांमागं उसाच्या खोडव्याचं पाचट जाळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर उभा होतो. सगळं रान काळं. आणि ऊन तिरपं पडलं तर त्या काळ्यात निळं दिसायला लागलं. आधी वाटलं, डोळ्यात मोतीबिंदू आलाय. मग तुझं ते तव्याचं बूड आठवलं. पुढच्या वेळी विंझरला आलो तवा तू आत चहा सांगायला गेलास तेवढ्यात मी कडेनं वाकून बघितलं. होतं निळं. खाली, उजव्या अंगाला, आणि वर बी. तू बाहेर आलास तवा मी छताकडं बघत होतो. तुला सांगितलं असतं तर तू खुश झाला असतास, आणि तुला खुश करायला मी आलो न्हवतो. चित्र तरी बी चांगलं न्हाई. पण निळं हाय. तू नसतास तर मी बांधावरनं खाली बघितलं असतं, काळं झालं रान म्हणालो असतो आणि घरी जाऊन भाकरी खाल्ली असती. एवढं देणं तुझं लागतो. ह्याच्यावर एक अक्षर लिहिणार न्हाई.

तेराव्याला जेवणं झाल्यावर आक्का मला गिरणीत घेऊन गेली. सगळी चित्रं तशीच ओळीनं. म्हणाली, "पाव्हणं, ह्यातलं एक तुमी न्या. त्यांच्या मागं कुणी मनापासून बघितलं असंल तर तुमीच. भांडायला का होईना, पण बघितलंत." समोर गुंजवणीचं पाणी. गोटे दिसत होते. हात पुढं करायचा अवकाश. मी म्हणालो, "नको." तिला वाटलं, मी दुःखानं नको म्हणतोय. तसं न्हवतं. ते पाणी मी भोंगवलीला नेऊन लावलं असतं आणि येणारा-जाणारा म्हणाला असता, हे बबनरावांचं ना? तू मेल्यावर बी माझ्या सोप्यात थोरला साडू होऊन बसला असतास. ऱ्हाऊ दे तुझं पाणी तुझ्या भिंतीवर.

निघताना सुगत दाराशी भेटला. डोळे सुजलेले. त्याच्या बापाच्या वेळी बी एवढा रडला न्हवता म्हणे. हे बी मला टोचलं. म्हणाला, "तात्या, एक चित्र झालंय. काकांना दाखवायचं राहिलं. तसंच उलटं हाय." मी "हं" म्हणालो. वाटलं, बघायला या म्हणेल. ते त्यानं म्हटलं न्हाई.

घरी आलो आणि फोनची वाट बघायला लागलो. रानात जाताना मोबाईल बंडीच्या खिशात. जेवताना ताटाशेजारी. हौसा म्हणाली, "अवो, किती वेळ बघताय त्याच्याकडं? अंडं देणार हाय का ते?" मी म्हणालो, पाटकऱ्याचा फोन यायचाय, पाण्याची पाळी हाय. "पाटकरी आत्ताच दारावरनं गेला," ती म्हणाली, "जाऊन या विंझरला एकदाचं. बोलावणं यायला तुमी काय नवरदेव हाय?"

तुझ्याशी भांडायला यायचं सोडलं तर बोलावल्याशिवाय मी कुठं गेलो न्हाई आजवर. तुला ठाऊक हाय. सख्ख्या पुतण्याच्या लग्नाला पत्रिका उशिरा आली म्हणून घरी बसलेला माणूस मी. पण परवा सकाळी उठलो, आक्कासाठी गुळाची ढेप घेतली, आणि गेलो. ढेप तिच्या हातात दिली, पाणी प्यालो आणि सरळ शेडवर.

सुगत ब्रश धूत होता. "या तात्या. चहा ठेवू?"

"चहाला मी हिथवर आलो न्हाई."

"मग?"

"फिरव ते."

त्याच्या ब्रशातनं पाणी गळत होतं. म्हणाला, "तात्या, काकांच्या आधी मी कधी कुणाला…"

"काका येणार हाय का?"

लई कडू बोललो. त्याचं तोंड उतरलं. माझं बी उतरलं असणार, मला कुठं दिसतंय. मग त्यानं हात पुसले, चित्राला दोन्ही कडेनं धरलं आणि फिरवलं. आणि माझ्याकडं न बघता बाहेर गेला. दार लोटून घेतलं.

बबन, मी आत होतो.

आधी काहीच कळलं न्हाई. मोठं हाय, माझ्या उंचीचं. म्हैस न्हाई, पाणी न्हाई, काळं बी न्हाई. उभं राहून पाय दुखायला लागले तसा खाली सिमेंटवर बसलो. मनात येत होतं, तू आतापर्यंत काय ते ओळखून बसला असतास. मग ते बी यायचं थांबलं. बाहेर दुपारची एस.टी. येऊन गेली, तिचा हॉर्न ऐकला, उठलो न्हाई. आणि मग दिसायला लागलं. एकदम न्हाई. पाहुणा दारात चपला काढतो, आधी आत डोकावतो, मग येतो, तसं.

दार ढकलून सुगत आत आला तवा मी तिथंच होतो. त्यानं हळूच विचारलं, "कसं वाटलं?"

मी म्हणालो, "आवडलं न्हाई. अजून."

"अजून?"

"परत येतो. तवर भिंतीकडं तोंड करू नकोस त्याचं."

त्यानं मला उठताना हात दिला, तो मी घेतला. त्यानं तेवढ्यात करून बाहेर ठेवलेला चहा गार झाला होता, तो बी प्यालो.

तर हे असं हाय. हे चित्र मी बघितलंय आणि तू न्हाई. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. वाटलं होतं, हे मिळालं की पोट भरेल. एस.टी.त बसलो आणि भोरपर्यंत खिडकीतनं बाहेर बघत राहिलो. शेजारचा माणूस पिकाचं बोलत होता, मी व्हय व्हय म्हणत होतो. मला दुसरंच ऐकायचं होतं. तू शेडच्या बाहेर सावलीत, खुर्चीवर, हातात बशी धरून बसलेला असायला पाहिजे होतास. मी दार उघडून बाहेर आलो असतो आणि तू न राहवून विचारलं असतंस, "तात्या, काय दाखवलं त्यानं तुमाला?"

आणि मी सांगितलं असतं. एवढा हट्टी माणूस मी, पण सगळं सांगितलं असतं. तू विचार तर खरं.